फ्यूज उडाला म्हणजे गाडीनं निरोप दिला



मृग आठ-दहा दिवसांवर आलाय. राब भाजून झाले, बियाणं घरात आलंय, बांधांची डागडुजी चाललीय. आज भाताचा विषय नाय, गाडीचा आहे. शेताच्या पानावर गाडी कशाला, असं कुणी म्हणेल. पण पावसाळ्यात आपल्या पट्ट्यात पिकअप आणि ट्रॅक्टर ही शेतीची अवजारंच असतात. मांडवावरची काकडी आज तोडली ती आजच बाजारात गेली पाहिजे. गाडी दोन दिवस उभी राहिली तर काकडी वेलावरच जून होते आणि पुढची फळधारणाही मंदावते. म्हणून पेरणीआधी जसं नांगराचा फाळ बघतो, तसं गाडीचं वायरिंग बघायचं. त्यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे फ्यूज.

मुद्द्याचं आधी सांगून टाकतो. फ्यूज दिव्यासाठी नसतो, हॉर्नसाठी नसतो. तो वायर वाचवण्यासाठी असतो. वायरीतून तिला झेपेल त्यापेक्षा जास्त करंट जायला लागला, की फ्यूजमधली बारीक पट्टी आधी वितळते आणि लाइन तुटते. वितळायचं काम कुणाला तरी करावंच लागतं. फ्यूजनं नाही केलं तर वायर करते, आणि वायर असते डॅशबोर्डच्या आत, प्लास्टिक आणि फोमच्या मधोमध, डिझेलच्या नळीपासून हातभर अंतरावर.

हे लिहायला कारण झालं आमच्या भावकीतल्या पोराच्या पिकअपचं. गेल्या श्रावणात तो घोटीहून रात्रीचा खाली येत होता. श्रावणातला कसारा घाट ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. धुकं एवढं, की पुढच्या ट्रकचा मागचा दिवा दहा पावलांवर आला की दिसतो. म्हणून त्यानं पावसाळ्याच्या तोंडाला बंपरवर दोन जादा फॉग लाइट बसवून घेतले होते. बसवणाऱ्यानं सोपं काम केलं. हेडलाइटच्याच वायरीला टाचणी मारली आणि तिथून फॉग लाइट जोडून दिले.

आता हिशेब बघा, शाळेतलाच आहे. वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. हेडलाइटचा साधा हॅलोजन बल्ब डिपरला ५५ आणि अपरला ६० वॅटचा. ६० भागिले १२ म्हणजे ५ अँपिअर. दोन बल्बचे १०. त्याच्या गाडीत दोन्ही हेडलाइट मिळून १५ चा एकच फ्यूज होता, म्हणजे कंपनीनं बरोबर वाव ठेवलेला. त्यात ५५-५५ वॅटचे दोन फॉग लाइट आले. ११० भागिले १२, म्हणजे आणखी ९ च्या वर. एकूण झाले १९. १५ चा फ्यूज १९ अँपिअर किती वेळ सोसणार? थोडा वेळ चालायचा, गरम व्हायचा आणि उडायचा. दोनदा नवा १५ चा टाकला, दोन्ही उडाले. तिसऱ्यांदा रस्त्यात कुणीतरी सल्ला दिला, ‘अरे तार गुंडाळ, कटकट मिटली.’ जळक्या फ्यूजच्या दोन पायांना तांब्याची तार गुंडाळून परत खोचली. कटकट खरंच मिटली, फ्यूज काय परत उडाला नाय. महिनाभर गाडी झकास चालली.

त्या महिन्यात आत काय झालं ते नंतर वायरिंग उघडल्यावर कळलं. पातळ वायर रोज रात्री गरम होत होती. गरम होऊन तिच्यावरचं प्लास्टिक मऊ पडलं. जिथं ती वायर पत्र्याच्या भोकातून जाते तिथं गाडीच्या हादऱ्यानं घासत गेली. घाटात एका वळणावर उघडं तांबं बॉडीला टेकलं. बॉडी म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह बाजू. मधे फ्यूज नाय, म्हणून बॅटरीत होता नव्हता तेवढा करंट त्या एका वायरीतून गेला. दिवे बंद, आणि डॅशबोर्डमधून धूर.

पोराचं नशीब एवढंच, की त्यानं डोकं ठिकाणावर ठेवलं. गाडी डावीकडे भिंतीच्या बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, शेजारी बसलेल्या चुलत्याला आधी खाली उतरवलं. बॅटरी त्याच्या गाडीत बाहेरच्या बाजूला होती आणि सीटखाली १० चा पाना होता. तिथं आग नव्हती हे बघून त्यानं निगेटिव्ह काढली, धूर थांबला. मला फोन केला तेव्हा एवढंच म्हणाला, ‘काका, गाडी वाचली. पण मागून ट्रक येत होते आणि माझा एकबी दिवा चालू नव्हता. त्याचीच भीती वाटली.’

आगीची भीती वाटलीच होती त्याला. पण धुक्यात, वळणावर, विनादिव्याची उभी गाडी ही जास्त मोठी भीती, आणि ती खरी आहे.

पुढं अख्खा वायरिंगचा गुच्छा बदलावा लागला. गाडी आठ दिवस उभी. काकडीची तोडणी एक दिवसाआड असते, म्हणजे चार तोडण्यांचा माल दुसऱ्याच्या गाडीनं, मिळेल त्या भाड्यानं आणि मिळेल त्या वेळी गेला. हे सगळं टाळायला लागला असता एक रिले, थोडी जाड वायर आणि एक वेगळा फ्यूज.

तार गुंडाळायची सवय आपल्याला कुठून लागली तेही बोलतो. ती गाडीतली नाय, डीपीवरची आहे. मोटार चालू करायची घाई, किटकॅटमधली तार जळालेली, मग सापडेल ती तार, दुहेरी-तिहेरी करून. तिथंही ते चूकच, त्यानं मोटारीची वाइंडिंग जळते, ट्रान्सफॉर्मर जातो आणि माणूसही जातो. पण डीपीवर निदान करंटची भीती तरी वाटते. गाडीत १२ व्होल्टचा शॉक लागत नाय, म्हणून वाटतं त्यात काय एवढं. शॉक लागत नाय हे खरं, पण स्टार्टर फिरवणारी बॅटरी शेकड्यांत अँपिअर देते. हातातलं कडं किंवा अंगठी पाना धरताना पॉझिटिव्ह आणि बॉडीच्या मधे सापडली, तर लाल होते आणि बोट भाजते. फ्यूजला हात लावायच्या आधी कडं, घड्याळ, अंगठी काढून खिशात टाका.

आता कामाची माहिती. ज्यांना येतं त्यांनी पुढच्या पिढीला दाखवावी म्हणून सविस्तर लिहितो.

फ्यूज कुठं असतात? बहुतेक पिकअप आणि कारमध्ये दोन डबे असतात. एक आत, स्टिअरिंगखाली गुडघ्याजवळ किंवा डॅशबोर्डच्या बाजूला. दुसरा बॉनेटखाली, बॅटरीच्या आसपास. ट्रॅक्टरला मीटरच्या पॅनलखाली किंवा बॅटरीजवळ असतो. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा छापलेला असतो, कुठला फ्यूज कशाचा ते. त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. रात्री पावसात ते झाकण वाचत बसायची वेळ येऊ नये.

रंग आणि आकडा. दोन पात्यांच्या प्लास्टिक फ्यूजला रंग ठरलेले आहेत. ५ चा बदामी, साडेसातचा तपकिरी, १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, २५ चा पांढरा किंवा पारदर्शक, ३० चा हिरवा. रंग उन्हानं आणि उष्णतेनं फिका पडतो, म्हणून शेवटी डोक्यावर कोरलेला आकडाच वाचायचा. जुन्या ट्रॅक्टरला काचेच्या नळीचे फ्यूज असतात, त्यांचा आकडा धातूच्या टोपीवर बारीक अक्षरात असतो. पात्याचे फ्यूजही लहान-मोठ्या मापाचे येतात. एका गाडीचा दुसऱ्या गाडीला बसेलच असं नाय, म्हणून आपल्या गाडीतला नमुना दुकानात घेऊन जा.

तपासायचा कसा? नुसतं डोळ्यानं बघून ‘ठीक दिसतोय’ म्हणू नका. पट्टीला केसाएवढी चीर असते, ती दिसत नाय. टेस्ट लॅम्प घ्या, १२ व्होल्टचा, टोकदार. त्याचा चिमटा बॉडीच्या स्वच्छ, बिनरंगाच्या बोल्टला लावा. आधी टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावून लॅम्प पेटतो का ते बघा, म्हणजे लॅम्पची आणि चिमट्याची खात्री होते. मग चावी चालू, जी लाइन बघायची तिचं बटण चालू. फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे ठिपके असतात. दोन्हीकडे टोक लावून बघा.

दोन्हीकडे लॅम्प पेटला, तर फ्यूज चांगला. दोष पुढं आहे, बल्ब, होल्डर, बटण किंवा अर्थिंग.

एकीकडे पेटला आणि दुसरीकडे नाय, तर फ्यूज गेला.

दोन्हीकडे नाय पेटला, तर फ्यूजपर्यंत करंटच येत नाय. मोठा फ्यूज, चावीचं स्विच किंवा रिले बघावा लागेल.

मल्टिमीटर असेल तर फ्यूज काढून कंटिन्युइटीवर बघा, बीप वाजली पाहिजे. फ्यूज जागेवर असताना आणि चावी चालू असताना मीटर ओहमवर लावू नका, आणि अँपिअरच्या खाचेत पिन ठेवून तर अजिबात नको. मीटर स्वतःच जळेल. एक सूचना अजून. पिवळ्या कनेक्टरच्या वायरी एअरबॅगच्या असतात, तिथं टेस्ट लॅम्प न्यायचा नाय. आणि आता विजेवरच्या तीनचाकी, छोटे टेम्पो गावात यायला लागलेत. त्यांच्या जाड नारिंगी केबल म्हणजे जास्त व्होल्टेज. तिथं आपण कुणीच हात घालायचा नाय, तो माणूस वेगळा.

बदलायचा कसा? गाडी रस्त्याच्या बाहेर, हँडब्रेक, गिअरमध्ये. चावी बंद करून काढून घ्या, सगळी बटणं बंद. डब्यात प्लास्टिकचा छोटा चिमटा असतो, त्यानं सरळ वर ओढा. लोखंडी पक्कड वापरू नका, निसटली की शेजारच्या दोन पात्यांना एकदम टेकते. काढलेल्या फ्यूजचा आकडा आणि झाकणावरचा आकडा दोन्ही बघा. कारण आधी कुणी चुकीचा घालून ठेवला असेल तर तुम्ही तीच चूक पुढं न्याल. झाकणावरचा आकडा खरा. तेवढ्याच आकड्याचा नवा फ्यूज पूर्ण दाबून बसवा, अर्धवट बसला तर तिथं ठिणगी पडते आणि खाच जळते. मग चावी चालू करून बघा.

बोल्टनं आवळलेले ६०, ८०, १०० चे मोठे फ्यूज बॅटरीजवळ असतात. ते बदलायचे तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची. लावताना निगेटिव्ह शेवटी. उलटं केलं तर पाना बॉडीला टेकला की भडका. खरं म्हणजे मोठा फ्यूज उडणं हे साधं लक्षण नसतं, ते काम गॅरेजला द्या. आणि बॅटरीजवळ विडी नको. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नवा फ्यूज टाकल्यावर काय होतं ते बघा, कारण तो कसा उडतो त्यातच कारण कळतं. बटण दाबताक्षणी उडाला, तर वायर कुठंतरी बॉडीला टेकलीय. दुसरा टाकू नका, शोधा. पाच-दहा मिनिटांनी उडाला, तर लोड जास्त झालाय, वरच्या फॉग लाइटसारखा. खड्ड्यात किंवा वळणावरच उडतो, तर वायर कुठंतरी घासतेय. वायपर लावल्यावरच उडतो, तर मोटार अडकलीय. ब्लेडखाली पाचोळा, चिखल बसतो, मोटार फिरत नाय आणि अडकलेली मोटार कितीतरी पट करंट खेचते. आपण कसं, भाताचं पान पिवळं पडलं की आधी मूळ बघतो. लगेच युरियाची गोणी ओतत नाय. तसंच हे.

रस्त्यात जादा फ्यूज नसेल तर? त्याच गाडीत त्याच आकड्याचा दुसरा फ्यूज असतो. टेपचा, मोबाईल चार्जिंगच्या सॉकेटचा. तो काढून दिव्याला किंवा वायपरला लावा आणि घरी या. तोही नसेल तर कमी आकड्याचा चालेल, फार तर तो उडेल. जास्त आकड्याचा कधीच नाय. तार नाय, पुडीची चांदी नाय, खिळा नाय.

जादा दिवे लावायचेच असतील तर त्याची रीत आहे. कसारा स्टेशनवर आपण लहानपणापासून बघतो. घाटाचा चढ ३७ ला १, एका इंजिनाला ओढत नाय, म्हणून मागं बँकर इंजिनं जोडतात आणि इगतपुरीला सोडतात. तसा जादा लोडला जादा बंदोबस्त लागतो. तो म्हणजे रिले. बटणाच्या पातळ वायरीतून फक्त हुकूम जातो, आणि दिव्याचा करंट बॅटरीपासून वेगळ्या जाड वायरीनं, रिलेमधून. त्या वायरीला स्वतःचा फ्यूज, आणि तो बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा. कारण बॅटरी आणि फ्यूजच्या मधली वायर विनाराखण असते. वायरिंगवाल्याला एवढं एकच विचारा, ‘फ्यूज कुठं बसवला?’ त्यानं हेडलाइटच्या वायरीला टाचणी मारलेली दिसली तर परत करायला लावा.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी वेगळं सांगतो. ५ जून २०२५ ला समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, डोंगराखालून लांब बोगद्यानं गाड्या जायला लागल्या. पण ट्रॅक्टर आणि दुचाकीला तिथं प्रवेश नाय. आपण जुन्याच रस्त्यानं, अवजड गाड्यांच्या पुढं-मागं. हेडलाइट गेला तर ड्रायव्हरला लगेच कळतं. मागचा दिवा गेला तर कळत नाय, पुढं बघून चालवणाऱ्याला तो दिसतच नाय. आणि ट्रॉलीच्या दिव्याची वायर सगळ्यात जास्त मार खाते. वळताना ताणली जाते, हुकाला घासते, चिखलात लोळते. तिचा फ्यूज उडाला की ट्रॉली अंधारात, आणि मागचा ट्रकवाला ब्रेक मारेपर्यंत फार उशीर झालेला असतो. म्हणून रोज निघताना एका माणसाला मागं उभं करा. पार्किंग, ब्रेक, दोन्ही इंडिकेटर. अर्धा मिनिट लागतो. शिवाय ट्रॉलीला लाल परावर्तक पट्ट्या लावाच, त्यांना फ्यूज लागत नाय.

आपल्याकडं फ्यूज उडायचं अजून एक कारण म्हणजे उंदीर. पेंढ्याच्या माचाखाली गाडी लावली की पावसात उंदीर इंजिनात शिरतो, उबेला बसतो आणि वायरी कुरतडतो. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून बघा. लेंड्या, पेंढ्याच्या काड्या दिसल्या तर वायरींवरून नजर फिरवा. दुसरं, चिखल धुताना फवारणीच्या एचटीपी पंपाचा झोत थेट फ्यूजच्या डब्यावर मारू नका. झाकण घट्ट असलं तरी त्या जोरानं पाणी आत जातं, पात्यांना हिरवट गंज चढतो. पात्याजवळचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं, वितळलेलं दिसलं तर फ्यूज चांगला असूनही खाच सैल झालीय. ती बदलून घ्या.

आणि कधी धूर आलाच, तर क्रम असा. बाजूला घ्या, इंजिन बंद, माणसं बाहेर, गाडीपासून लांब. बॉनेटमधून धूर येत असेल तर ते पूर्ण उघडू नका, वारा लागला की भडका उठतो. बॅटरीपर्यंत सुरक्षित पोचता येत असेल तरच निगेटिव्ह काढा, नाहीतर सोडून द्या. पाणी मारू नका. कोरड्या पावडरचा सिलिंडर किंवा कोरडी माती. ११२ ला फोन करा, हायवेवर १०३३ ची मदत मिळते. माल, कागद, मोबाईल घ्यायला परत गाडीत शिरायचं नाय.

मृगाच्या आत एवढं करा. सीटखाली एक छोटा डबा ठेवा. त्यात १०, १५, २०, ३० चे दोन-दोन फ्यूज, आणि तुमच्या गाडीला लागतील ते बाकीचे. टेस्ट लॅम्प, प्लास्टिकचा चिमटा, १० चा पाना, इन्सुलेशन टेप, डोक्याला लावायची बॅटरी. सगळं मिळून भेंडीच्या एका क्रेटच्या पैशात येतं. फ्यूज ओळखीच्या दुकानातून चांगल्या कंपनीचे घ्या. फार हलके फ्यूज आकड्यापेक्षा कितीतरी जास्त करंटला तग धरतात, म्हणजे तारच गुंडाळल्यासारखं.

आणि उद्या सकाळी गाडीचा डबा उघडून बघा. आत कुठं तार गुंडाळलेली, चांदी लावलेली किंवा १५ च्या जागी हिरवा ३० चा बसलेला दिसला, तर तो कुणी लावला याची चौकशी नंतर करा. आधी काढा, आणि उडतोय का उडतोय ते शोधा. घोटीला, शहापूरला, मुरबाडला चांगले वायरिंगवाले आहेत. पाऊस सुरू झाला की त्यांच्याकडं रांग लागते, आत्ता मोकळे आहेत.